आईचं मंगळसूत्र डब्यात आहे. मी स्वतःचं घालत नाही, तरी तिचं तिने घालावं असं मला वाटतं

कृष्णाकाठ

थोडं लांबेल, पण आधीचं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट विचारता येणार नाही.

मी मिरजेत एका रुग्णालयाच्या एक्स-रे आणि एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. एकवीस वर्षं झाली. दिवसातून दहा-पंधरा बायकांना मी एकच वाक्य सांगते, "मावशी, गळ्यातलं काढून ठेवा." छातीच्या एक्स-रेत वाट्या म्हणजे दोन पांढरे गोल दिसतात आणि त्यांच्या आड काही असेल तर ते झाकलं जातं. बऱ्याचजणी पटकन मंगळसूत्र पाठीवर टाकतात आणि म्हणतात, घ्या आता. पण किरण आरपार जातात. पुढे असो की पाठीवर, फिल्मवर ते येतंच. एमआरआयचं आणखी कडक. आमच्या यंत्रात १.५ टेस्लाचा, म्हणजे फार ताकदवान, चुंबक असतो. सोनं स्वतः चुंबकाकडे ओढलं जात नाही, पण हुकाच्या आतली बारीक स्प्रिंग किंवा एक ग्रॅमवाल्या मंगळसूत्राच्या मुलाम्याखालचा धातू काय असेल ते सांगता येत नाही. शिवाय गळ्याभोवती धातूची बंद कडी असली की ती तापू शकते आणि मानेच्या चित्रात काळा डाग येतो. म्हणून सगळं उतरवायचंच.

हे ऐकल्यावर बायकांचे चेहरे मी इतकी वर्षं बघतेय. जतकडून आलेल्या एक आजी होत्या, सत्तरीच्या. पाच बाळंतपणं झाली, पण लग्नापासून एकदाही ते गळ्यातून निघालं नव्हतं. पोत तुटली तरी आधी दुसरी गळ्यात, मग पहिली गाठवायला. त्या रडायला लागल्या. मी त्यांच्या मुलाला हळकुंड आणि दोरा आणायला पिटाळलं. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं, मग त्यांनी मंगळसूत्र काढू दिलं. दोऱ्याला आणि हळकुंडाला चुंबकाचं काही नाही. वीस मिनिटं गेली, डॉक्टर चिडले, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसरी एक तिशीतली मुलगी म्हणाली, "मी घालतच नाही ताई, पर्समध्ये असतं, सासरच्या गावची वेस आली की घालते." ती हसत होती आणि तिला त्यात काही जड वाटत नव्हतं.

आणि एकीने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. मी सवयीने म्हटलं, बाहेर तुमचे मिस्टर आहेत, त्यांच्याकडे द्या. ती एकदम म्हणाली, "त्यांच्याकडं नको. तुमच्याकडंच ठेवा." मागच्या वेळी दवाखान्यात असताना त्याच्याकडे दिलं होतं, परत आलं तेव्हा एकच वाटी होती. मी पाकिटात घालून वर तिचं नाव लिहिलं, सही केली आणि माझ्या कप्प्यात ठेवलं. ज्याच्या नावाने घालायचं, त्याच्याच हातात देता येत नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं.

आता माझं. लग्न मे २००४ चं. नोकरीत सकाळी आठला मंगळसूत्र काढून कप्प्यात आणि चारला परत गळ्यात, असं दहा वर्षं केलं. एका शनिवारी कप्प्यातच राहिलं. रविवारी जेवताना सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी दोन महिने माझ्याशी धड बोलणं केलं नाही. नवरा मधे काहीच बोलला नाही. त्याला स्वतःला काही फरक पडत नव्हता, हे तो मला खोलीत सांगायचा आणि बाहेर मान खाली घालून जेवायचा. त्याच वर्षी मी ठरवलं की आता सणावारालाच घालायचं. मनावर दगड ठेवून ठरवलं आणि ते पाळलं. आज त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

आता आईचं. तिचं लग्न १९७९ चं. तिच्या मंगळसूत्राला दोन वाट्या, एक तिच्या माहेरची, कवठेमहांकाळकडची, आणि एक आमच्या घरची. दोन्हींच्या कडा झिजून पातळ झाल्यात. २००३ च्या दुष्काळात बाग वाचवायला टँकरने पाणी घातलं, तेव्हा आधी पाटल्या गेल्या, मग बोरमाळ, शेवटी वाट्या गहाण पडल्या. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत आईच्या गळ्यात काळी पोत आणि दोन खोट्या वाट्या आहेत. सोडवून आणल्या त्या दिवशी अण्णांनी त्या देवापुढे ठेवल्या आणि आईला म्हणाले, "आता पुन्हा हात लावणार नाही." तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्यांच्या स्वतःच्या आजारपणातसुद्धा.

मागच्या भाद्रपदात अण्णा गेले. दहाव्याला कृष्णाघाटावर आत्या आईच्या गळ्यातलं काढायला गेल्या, तर हूक निघेना. जुना हूक, घट्ट बसलेला. आत्या थरथरत होत्या. मग कुणीतरी म्हणालं, "हिला बोलवा, हिला रोजची सवय आहे." आणि मी पुढे गेले. एका झटक्यात काढलं. माझी बोटं त्या कामाला सरावलेली आहेत, विचार करायच्या आत निघालं. आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून ते स्टीलच्या डब्यात, अण्णांच्या रुमालात गुंडाळून आहे. आई पहाटे उठली की वाट्या डोळ्यांना लावायची. अजून तिचा हात गळ्याशी जातो आणि तिथूनच खाली येतो. वैशाखात दादाच्या मुलीचं लग्न आहे. दादाचं म्हणणं, हे मोडून तिला काहीतरी करू, आजीची आठवण राहील. त्याच्या मनात वाईट काही नाही. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, त्याची ओढाताण मला दिसते. वहिनी मात्र "आत्ता नको" एवढंच म्हणते. का, ते सांगत नाही.

मला वाटतं, आईने ते परत गळ्यात घालावं. लग्नात सगळ्यांसमोर घालावं. पण मग मीच मला विचारते, मी स्वतः दहा वर्षं भांडून जे काढून ठेवलं, तेच आईने घालावं म्हणून मी का हट्ट धरतेय? तुमच्या घरी कुणी असं केलं आहे का? काय झालं पुढे? आणि वाट्या मोडाव्यात की नाही?

ऊसपट्टा

ताई, मी शिरोळ तालुक्यातला. आमच्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही केला, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही असं करावं म्हणून सांगितलं. तेव्हा आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता.

पुढच्याच वर्षी माझे वडील गेले. आम्ही दोघा भावांनी ठरवलं, आईचं काही काढायचं नाही. भटजींना सांगितलं, भावकीला सांगितलं. दोघे-तिघे जेवायला आले नाहीत, तेही सोसलं. आम्हाला फार अभिमान वाटत होता. मी तो फोटो सगळ्यांना पाठवला होता.

सव्वा महिन्याने बघतो तर आईचा गळा मोकळा. विचारलं तर म्हणाली, "राहू दे रे." खूप दिवसांनी धाकट्या बहिणीकडून कळलं. आम्ही भाऊ सकाळी कारखान्यावर जायचो ते रात्री यायचो. आई मात्र दिवसभर गल्लीत. भजनाला गेली की तिच्या शेजारची जागा रिकामी. हळदीकुंकवाच्या दिवशी एकीने तोंडावर विचारलं, "तुम्हाला लावू का नको, कळंना झालंय." हे तिने एकटीने सोसलं. आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही एवढ्या हौसेने ठराव पाळला होता.

म्हणून सांगतो, घालायला लावू नका. घालायचं असेल तर त्या दिवसापासून तुमच्या वहिनी, तुम्ही, गल्लीतल्या दोन-चार जाणत्या बायका तिच्या आजूबाजूला पाहिजेत. आम्ही भाऊ पुरे पडलो नाही. तो सल अजून आहे.

अरुंधतीदर्शन

मी पुण्यात पौरोहित्य करते, बारा वर्षं झाली. लग्नं लावते, श्राद्धंही करते. मला फक्त विधीपुरतं बोलायचं आहे, कारण याबाबत लोक धर्माचं नाव घेऊन बरंच काही सांगत असतात.

गृह्यसूत्रांत जो विवाहविधी आहे, त्यात पाणिग्रहण आहे, लाजाहोम आहे, अश्मारोहण आहे, सप्तपदी आहे. मंगळसूत्र बांधणं त्यात नाही. ते नंतरच्या ग्रंथांत आणि देशाचारात आलं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याच्या सातव्या कलमातही मंगळसूत्राचा उल्लेख नाही. जिथे सप्तपदीची चाल आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण, एवढंच म्हटलं आहे. तमिळनाडूने १९६७ साली आपल्यापुरती दुरुस्ती करून स्वाभिमान विवाहाला, म्हणजे भटजीशिवाय होणाऱ्या लग्नाला, मान्यता दिली. त्यात हार घालणं, अंगठी घालणं किंवा ताली (तिकडचं मंगळसूत्र) बांधणं, यातलं कुठलंही एक चालतं.

आणि मंत्र काय म्हणतो ते ऐका. पाठभेद आहेत, पण आमच्याकडे म्हणतात तो असा: "मांगल्यतन्तुनानेन मम जीवनहेतुना । कण्ठे बध्नामि सुभगे त्वं जीव शरदां शतम् ॥" हा वराने म्हणायचा मंत्र आहे. माझ्या जगण्याला कारण असलेला हा मंगल धागा मी तुझ्या गळ्यात बांधतो, तू शंभर शरद जग. शंभर वर्षांचं आयुष्य वधूला मागितलं आहे. मी हा अर्थ मांडवात मोठ्याने सांगते, तेव्हा मागच्या रांगेतल्या वयस्क बायका एकमेकींकडे बघतात. पन्नास वर्षं गळ्यात घालून कुणी त्यांना हे सांगितलेलं नसतं. त्यांना कळलेलं असतं ते एवढंच, की हे नवऱ्याच्या आयुष्यासाठी आहे, तेव्हा तो गेला की हे जायला हवं.

तुमच्या आईंना हा अर्थ सांगून बघा. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील. दहाव्याला मी जाते तेव्हा काढा असं कधीच सांगत नाही, घरच्या बाईला बाजूला घेऊन विचारते. काहीजणी स्वतःच म्हणतात, आता नको. त्यांनाही मी समजवत बसत नाही.

मोकळा_गळा

कृष्णाकाठ, तुमचं सगळं वाचलं आणि मला राग आला. तुमच्यावर नाही, पण राग आला, म्हणून सरळ लिहिते.

माझं मंगळसूत्र साडेतीन तोळ्यांचं होतं, लग्नात सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं होतं. त्याच्याच पेडात बोटं अडकवून नवऱ्याने मला दोनदा भिंतीकडे ओढलंय. मानेवर मागच्या बाजूला वळ उठायचा, तो मी पदर घेऊन झाकायचे. पाच वर्षांनी मी बाहेर पडले. बाहेर पडल्यावर पहिल्या रात्री ते काढून उशीखाली ठेवलं आणि कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, तुम्ही मंगळसूत्र का काढलंत? वळाबद्दल त्याने विचारलं नाही. २०२२ साली मद्रास उच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या प्रकरणात बायकोने ताली काढणं ही नवऱ्यावरची मानसिक क्रूरता म्हटल्याची बातमी मी वाचली, तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. त्या प्रकरणात आणखीही कारणं होती, ते नंतर नीट वाचलं. पण गळ्यातल्या वस्तूवरून बाईचं मन मोजायचं, हे मला कधीच पटणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत. आजींचं, त्या पाकिटातल्या मंगळसूत्राचं, दादाचं, वहिनीचं, तुमचं स्वतःचं. आईचं एक वाक्य नाही त्यात. तिने मान वर करून पाहिलं, हात गळ्याशी गेला, हे तुम्ही पाहिलेलं आहे. ती काय म्हणाली? तिला विचारलंत का? दहाव्याला कुणी विचारलं नाही. आता लग्नात सगळ्यांसमोर घाल, हेही तुम्हीच ठरवताय. तुमच्या हाताने निघालं म्हणून तुमच्या हातानेच परत घालायची घाई झाली आहे, असं मला वाटलं. चुकत असेन तर सांगा.

मोडायचं म्हणाल तर, ते तुमच्या आईचं स्त्रीधन आहे. माझ्या वकीलबाईंनी मला पहिल्याच दिवशी हे लिहून दिलं होतं. १९८५ चा प्रतिभा राणी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, की स्त्रीधनावर हक्क फक्त त्या बाईचा. नवऱ्याकडे किंवा सासरी ते नुसतं सांभाळायला दिलेलं असतं. मुलाचाही त्यावर हक्क नाही, मुलीचाही नाही. तुमचे भाऊ मनाने चांगले असतील, पण "मोडून करू" हे वाक्य आईकडून यायला हवं.

कृष्णाकाठ

मोकळा_गळा, तुमचं उत्तर काल रात्री वाचलं आणि लगेच लिहायला जमलं नाही. तुमचं चुकत नाही. मी आईला विचारलेलं नाही. विचारायचं टाळत होते, कारण ती घाटाची गोष्ट काढेल अशी भीती होती. तुम्ही जे सोसलंत ते वाचून हात गार पडले. एक्स-रेला आलेल्या बायकांच्या मानेवर असे वळ मी पाहिलेत, आणि दरवेळी विचारलंच आहे असं नाही.

ऊसपट्टा, तुमच्या आईंची गोष्ट मी दादाला वाचून दाखवली. रविवारी गावी जातेय. विचारते.

सायली_नवी

माझं लग्न गेल्या डिसेंबरला झालं, विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी आणि संध्याकाळी घरातच जेवण. मला मंगळसूत्र नको होतं. सासूबाई म्हणाल्या, मला तुला काळे मणी द्यायचे आहेत, कुठे घालायचे ते तू बघ. मी ते मनगटात घालते, आता तसेही मिळतात. काम करताना की-बोर्डवर मणी वाजतात, तो आवाज मला आवडायला लागलाय. माझ्या आईला मात्र अजून वाईट वाटतं. मला वाटायचं ती लोकांसाठी म्हणते. तुमचा धागा वाचून आज तिला फोन केला आणि तिच्या मंगळसूत्राबद्दल पहिल्यांदाच विचारलं. ती पाऊण तास बोलत होती.

रेशीमगाठ

आमचं घराणं पटवेकऱ्यांचं, म्हणजे मणी-वाट्या गाठवून देणाऱ्यांचं. सासरे करायचे, आता मी आणि जाऊ करतो. सांगायचं ते कामाचंच सांगते.

जुन्या वाट्या शक्यतो मोडू नका. गावच्या सोनाराने घडवलेल्या वाट्यांना डाख, म्हणजे सांधायचा धातू, जास्त असतो. मोडायला घेतल्या की सोनार टंच, म्हणजे सोन्याचा कस काढतो, वजनातून तूट जाते, मग नव्या डागाची, म्हणजे दागिन्याची, घडणावळ वेगळी. झिजलेल्या पातळ वाट्यांचं हातात फार थोडं उरतं. मागून बंद असतील तर आत लाखेचा भर असेल, तो सोन्यात धरला जाणार नाही. जुन्या डागावर हॉलमार्क नसला तरी घरात ठेवायला किंवा विकायला अडचण नाही. एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी खुणेचा जो नियम आहे, तो दुकानदाराने नवीन विकण्यासाठी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण "याला खूण नाही" म्हणून बायकांकडून पडत्या भावात घेतलेलं मी पाहिलंय.

गाठवायला कुणाकडेही द्या, पण समोर वजन करून चिठ्ठी घ्या. वाट्या वेगळ्या, मणी वेगळे, तार वेगळी. वय झालेल्या बाईला तारेतलं करू नका, मानेला टोचतं आणि हुकाजवळ तुटतं. रेशमात किंवा चांगल्या दोऱ्यात गाठवा.

आणखी एक. आमच्याकडे विधवा बायका येतात. आधी यायच्या नाहीत, आता चार-पाच वर्षांत यायला लागल्या आहेत. वाट्या काढून फक्त काळे मणी ठेवून द्या म्हणतात. कुणी दोन वाट्यांच्या मधे एक लहानसं पदक घालून घेतात, म्हणजे दिसायला माळ दिसते. एकीने एक वाटी लेकीला आणि एक सुनेला दिली, दोघींना वेगवेगळं गाठवून घेतलं. लेक आणि सून दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी कुणाला का म्हणून विचारत नाही. हातात घेतलेल्या वाट्या किती झिजल्यात यावरून किती वर्षांचा संसार ते कळतं.

तुमच्या आईंचा हूक घट्ट आहे असं तुम्ही लिहिलंय. तो बदलायला हवा. ते काम तासाभराचं आहे.

कृष्णाकाठ

गावी जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

आई सोप्यात बेदाणे निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि हातात मूठभर घेतले, म्हणजे तिच्याकडे बघावं लागणार नाही. मग विचारलं, आई, तुला मंगळसूत्र घालावंसं वाटतं का? ती लगेच बोलली नाही. दोन काड्या बाजूला काढल्या आणि म्हणाली, "डबा माझ्याच ट्रंकंत हाय. कुणी कुलूप घातलंय व्हय?"

मला कळेना. मग म्हणाली, "रात्रीचं घालती मी."

अण्णा गेल्यावर तीन महिन्यांनी तिने सुरू केलं. सगळे झोपले की रुमालातून काढते, घालते, झोपते. पहाटे वाट्या डोळ्यांना लावते आणि काढून ठेवते. पण हूक घट्ट. खांदा दुखतो म्हणून हात मागे जात नाही. मग कोण लावून देतं? वहिनी. तेव्हापासून वहिनी रोज रात्री दूध द्यायच्या निमित्ताने आईच्या खोलीत जाते आणि हूक लावून येते, पहाटे काढून देते. दादाला पत्ता नाही. म्हणून ती "आत्ता नको" म्हणत होती. मी स्वयंपाकघरात गेले तर वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि भाकरी थापत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काही बोलायला सुचलं नाही.

अरुंधतीदर्शन, तुम्ही सांगितलेला अर्थ मी आईला सांगितला. शंभर शरद तुलाच मागितले होते म्हटलं. ती म्हणाली, "मग आता किती ऱ्हायले?" आणि बोटांवर मोजायला लागली. मंत्रापेक्षा तिला दुसरंच सांगायचं होतं. तिचं म्हणणं असं, की वाट्यांचं वजन गळ्यावर असलं की झोप लागते. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे. दुष्काळात वाट्या गहाण होत्या तेव्हाही तिला अशीच झोप लागत नव्हती. खोट्या वाट्या हलक्या होत्या, त्यांनी भागलं नाही. अण्णांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी तो शब्द दिला होता. हे मला आजवर माहीत नव्हतं.

घाटाचं मीच काढलं शेवटी. म्हटलं, मी काढायला नको होतं. ती म्हणाली, "आत्याबाईनं ओढलं असतं तर मणी सांडलं असतं. तू काढलंस म्हणून साबूत ऱ्हायलं."

लग्नात घालणार का, तर ते "बघीन" म्हणाली. मी पुढे काही म्हटलं नाही. मला अजूनही वाटतं की तिने घालावं. ते वाटणं माझं आहे आणि माझ्याजवळ राहील. लग्नाआधीचा घाणा भरायला, जिथे एरवी सवाष्णीच बसतात, मात्र ती बसणार. ते वहिनीने दादासमोर ठरवून टाकलं, आणि गल्लीतल्या तीन बायकांना आधीच सांगून आली. ऊसपट्टा, हे तुमच्यामुळे झालं. मोडायचा विषय दादाने स्वतःच सोडला. त्याला रात्रीचं सांगितलं तेव्हा तो उठून बागेत गेला आणि बऱ्याच वेळाने आला.

आईने एकच काम सांगितलं, हूक बदलून दे. वहिनीला रोज उठावं लागतं, आणि लग्नघरात पाहुणे असताना ते जमायचं नाही. तिला स्वतःच्या हाताने लावता आणि काढता आलं पाहिजे.

म्हणून शनिवारी सुट्टी घेऊन तिला मिरजेत पटवेकऱ्याकडे नेलं. रेशीमगाठ, तुम्ही म्हणालात तसं दोऱ्यात गाठवून घेतलं, आणि मागे हुकाऐवजी मोठा मणी आणि दोऱ्याचा फास केला, म्हणजे तो पुढे ओढून घेऊन लावता येतो. त्याने आईला तीनदा लावायला लावलं. तिसऱ्यांदा तिला न बघता जमलं. वजन समोर केलं: वाट्या आणि सोन्याचे मणी मिळून चौदा ग्रॅम आठशे मिली. चिठ्ठीवर नाव काय घालू म्हणून त्याने माझ्याकडे बघून विचारलं, तर आईनेच तिचं पूर्ण नाव सांगितलं.